बॉस्टनला नवीन आलात? रेड सॉक्स समजून घ्या, पायरी पायरीने

लोगन एअरपोर्टवर उतरून पहिल्यांदा ॲशलंड नाहीतर श्रूजबरीकडे निघालात ना, बॅगा गाडीत कोंबलेल्या, डोळ्यांवर झोप, मुलं पेंगलेली, तेव्हा गाडी ज्या बोगद्यातून गेली त्याचं नाव टेड विल्यम्स टनेल. तो कोण पुढारी नव्हता की इंजिनिअर नव्हता, तो रेड सॉक्सचा, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचा बॅटर होता. या गावात बेसबॉलला काय जागा आहे ते यावरूनच कळतं.

मी 2010 ला आले, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे कालच्या मॅचवर बोलायचे आणि मी कॉफीचा कप धरून उभी. आता मंडळातले नवीन लोक दर उन्हाळ्यात विचारतात की आम्हाला फेनवेला (रेड सॉक्सच्या ग्राउंडवर) जायचंय पण काही कळत नाही, कुठून सुरुवात करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. मोठं झालंय, पण सीझन पण सहा महिन्यांचा असतो, निवांत वाचा.

पायरी 1: खेळ, कामापुरता

क्रिकेट कळत असेल तर अर्धा तास पुरे. पण एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, इथे आऊट होणं ही रोजची गोष्ट आहे. प्रत्येक टीमला 9 इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये 3 आऊट, की बाजू बदलली. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा नीट हिट मारणारा माणूस इथे चांगला बॅटर, आणि हे एकदा पटलं की बघायला मजा यायला लागते, नाहीतर आपल्याला वाटत राहतं की सगळेच कसे शून्यावर जातायत.

पिचरने टाकलेला बॉल प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पांढरी फळी, हेच 'घर') वरून, गुडघा ते छातीच्या मध्ये आला तर स्ट्राइक, बाहेर गेला तर त्याला 'बॉल' म्हणतात. तीन स्ट्राइक म्हणजे आऊट, चार बॉल म्हणजे फुकटात पहिला बेस (चौकोनाचे चार कोपरे म्हणजे बेस, शेवटचा म्हणजे हे घर). आपल्यासारखं मागे फाइन लेगला मारून चालत नाही, समोरच्या दोन पांढऱ्या रेषांच्या आत मारायचं, बाहेर गेला की फाउल. चारही बेस फिरून घरी आला की एक रन. फेन्स पार केली की होम रन, आणि त्या वेळी बेसवर जितकी माणसं उभी असतील ती सगळी घरी येतात, म्हणून एका होम रनला एकपासून चारपर्यंत कितीही रन मिळू शकतात.

ड्रॉ नसतो. नऊ इनिंगला बरोबरी झाली तर पुढे चालू. पूर्वी फार लांबायचं, 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय (बेस रिकामे असतील तर 15 सेकंदात टाकायचा), त्यामुळे आता बहुतेक मॅच अडीच-पावणेतीन तासात आटपते, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हे फार बरं झालंय.

सीझनला 162 मॅच, त्यातल्या 81 घरच्या ग्राउंडवर. एकूण 30 टीम, दोन लीग (अमेरिकन आणि नॅशनल, दोन्ही मिळून मेजर लीग), दोन्हीतले विजेते ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज खेळतात. एवढं बास. बाकीचं ग्राउंडवर शेजारी बसलेला म्हातारा माणूस सांगेल, आणि नक्की सांगेल, फक्त विचारा त्याला.

पायरी 2: टीम आली कुठून

टीम सुरू झाली 1901 ला, अमेरिकन लीग सुरू झाली त्याच वर्षी. तेव्हा रेड सॉक्स नाव नव्हतं, लोक बॉस्टन अमेरिकन्स म्हणायचे, लाल मोज्यांवरून नाव पडलं ते 1908 च्या सीझनपासून. खेळायचे हंटिंग्टन अव्हेन्यूच्या ग्राउंडवर, तिथे आता नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटी आहे. आपल्यातली कितीतरी मुलं तिथे मास्टर्सला येतात, त्यांनी कॅम्पसमध्ये साय यंगचा पुतळा शोधा, बॉल हातात धरून पुढे वाकून बघणारा. साय यंग म्हणजे या टीमचा पहिला मोठा पिचर, आजसुद्धा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पिचरला त्याच्याच नावाचं बक्षीस देतात.

पहिली वर्ल्ड सिरीज 1903 ची. बॉस्टन विरुद्ध पिट्सबर्ग, आणि बॉस्टनने ती 5-3 ने जिंकली. त्या वेळचे फॅन्स स्वतःला रॉयल रूटर्स म्हणवायचे, त्यांचा म्होरक्या मॅकग्रीव्ही नावाचा एक गुत्तेवाला. हे लोक ट्रेनने पिट्सबर्गपर्यंत गेले आणि तिथे 'टेसी' नावाचं त्या काळातलं एक नाटकातलं गाणं इतकं गायले, इतकं गायले की समोरचे प्लेअर वैतागले, शब्द बदलून त्यांच्या स्टार प्लेअरची खिल्ली उडवायचे. म्हणजे ग्राउंडवर गाणं म्हणायची इथली सवय टीमइतकीच जुनी आहे, पुढे गाण्याचा विषय येणार आहे तेव्हा हे लक्षात ठेवा.

1912, 1915, 1916, 1918. सहा-सात वर्षांत चार वेळा जिंकले. त्या काळी बॉस्टन म्हणजे बेसबॉलची राजधानीच.

पायरी 3: शहाऐंशी वर्षं (ही पायरी गाळू नका)

हे नाही वाचलं तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही, खरंच सांगते.

बेब रूथ 1914 ला या टीममध्ये आला. पिचर म्हणून आला, उत्तम पिचर होता, आणि मग कळलं की बॅटिंग त्याहून भारी करतो. 1919 ला त्याने 29 होम रन मारले, तोपर्यंत कोणी एका सीझनला एवढे मारलेच नव्हते. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझीने त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकला, एक लाख डॉलरला. जानेवारी 1920 ला बातमी बाहेर आली.

यांकीजनी तोपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. त्यानंतर 2000 सालापर्यंत त्यांनी 26 जिंकल्या. बॉस्टनने शून्य. रूथचं लाडाचं नाव बांबिनो, म्हणून याला बांबिनोचा शाप म्हणायला लागले. सडबरीला आपली बरीच मंडळी राहतात, तिथे रूथ काही काळ राहायचा, आणि तिथल्या विलिस पाँडमध्ये त्याने पियानो बुडवला अशी दंतकथा आहे, तो पियानो वर काढला की शाप उतरेल म्हणून लोकांनी खरोखर पाणबुडे उतरवून शोधला होता.

आता नुसतं हरत राहिले असते तर सवय झाली असती. पण हे लोक दर वेळी दारापर्यंत जाऊन हरायचे. 1946 ची वर्ल्ड सिरीज, सातव्या मॅचला हार (सातातल्या चार जिंकायच्या असतात, म्हणजे सातवी शेवटची). 1967, सातव्या मॅचला हार. 1975, परत सातव्याच मॅचला. त्या 1975 च्या सहाव्या मॅचला कार्लटन फिस्कने बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारला, बॉल रेषेच्या आत जातोय की बाहेर कळेना तर हा पळता पळता दोन्ही हातांनी बॉलला ढकलतोय, आत जा, आत जा म्हणून, आणि बॉल रेषेच्या टोकाच्या पोलवर आदळला, म्हणजे आत. व्हिडिओ मिळतो, बघाच. आणि दुसऱ्या दिवशी हरले.

1986 तर सगळ्यात वाईट. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध, सिरीजमध्ये 3-2 ने पुढे, सहावी मॅच, दहावी इनिंग, 5-3 ने पुढे, समोरचे दोन आऊट, बेसवर कोणी नाही. एक आऊट हवा होता. मग एक हिट, दुसरा हिट, तिसरा हिट, एक पिच कॅचरला (आपला विकेटकीपर समजा) चुकवून मागे गेला आणि बरोबरी झाली, आणि मग एक सरपटत आलेला साधा बॉल पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. मॅच गेली. सातवी पण गेली.

इथे थोडं थांबून सांगते कारण मला हे मनापासून वाटतं. बकनरच्या नावावर 2,715 हिट्स आहेत, घोटे दुखत असताना खेळायचा, आणि बॉल सुटला तेव्हा मॅच आधीच बरोबरीत होती, म्हणजे ती त्याच्या एकट्याने घालवलेली नव्हतीच. तरी वर्षानुवर्षं त्याच्याच नावाने बोटं मोडली गेली, त्याच्या पोरांनी पण ऐकलं असेल. 2008 च्या एप्रिलमध्ये त्याला फेनवेला पहिला बॉल टाकायला बोलावलं, तो डाव्या बाजूने एकटा चालत आला, आख्खं ग्राउंड उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो डोळे पुसत होता. 2019 ला गेला. तुमच्यासमोर कोणी बकनरवर जोक केला तर हे सगळं त्याला सांगा.

2003 ला वर्ल्ड सिरीजच्या आधीची लीगची फायनल, समोर यांकीज, परत सातवी मॅच, अकराव्या इनिंगला ॲरन बूनचा होम रन, हार.

आणि मग 2004. तीच लीगची फायनल, परत यांकीज. पहिल्या तीन मॅच हरले, तिसरी तर घरच्या ग्राउंडवर 19-8 ने. बेसबॉलमध्ये सातच्या सिरीजमध्ये 0-3 वरून कोणी कधीच परत आलेलं नव्हतं. चौथ्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये 4-3 ने मागे, समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा त्या काळातला सगळ्यात अवघड माणूस. त्याने केव्हिन मिलारला चार बॉल देऊन सोडला. मिलारच्या जागी पळायला आणला डेव्ह रॉबर्ट्स. सगळ्या जगाला माहीत होतं हा दुसरा बेस चोरायला (म्हणजे हिट नसतानाच पळून घ्यायला) जाणार, रिव्हेराने तीनदा वळून पहिल्या बेसवर बॉल फेकला, तरी तो गेला, आणि हाताच्या अंतराने वाचला. पुढच्या हिटवर तो घरी आला आणि बरोबरी. बाराव्या इनिंगला मध्यरात्र उलटून गेल्यावर डेव्हिड ऑर्टिझचा होम रन. पाचवी मॅच चौदा इनिंग, परत ऑर्टिझ. सहावी मॅच कर्ट शिलिंगने घोट्याला टाके घालून टाकली, मोज्यावर रक्त दिसत होतं. सातवी न्यूयॉर्कला जाऊन 10-3.

मग वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसला 4-0. 27 ऑक्टोबर 2004, त्या रात्री चंद्रग्रहण पण होतं.

आपण 1983 नंतर 2011 पर्यंत 28 वर्षं थांबलो. मी ती वानखेडेची फायनल इथे पहाटे पाचला उठून बघितली, धोनीने सिक्स मारला तेव्हा इकडे दुपार झाली होती आणि मी आणि बाबा फोनवर काही न बोलता नुसते रडत होतो. हे लोक 86 वर्षं थांबले. आजोबा वाट बघून गेले, वडील वाट बघून गेले. 2004 ला जिंकल्यावर इथली माणसं दुसऱ्या दिवशी स्मशानात गेली, वडिलांच्या, आजीच्या कबरीवर टीमचं निशाण ठेवलं, पेपर ठेवला, टोपी ठेवली. माझ्या ऑफिसातल्या एका काकांनी हे मला सांगितलं, त्यांनी स्वतः ठेवली होती टोपी, त्या दिवशी मला ही टीम कळली. सोमवारच्या त्या गप्पा मी त्यानंतर कधी चुकवल्या नाहीत.

त्यानंतर 2007, 2013 आणि 2018 ला पण जिंकले. एकूण नऊ.

पायरी 4: ही माणसं माहीत हवीत

टेड विल्यम्स, नंबर 9. बोगदेवाला. 1939 ते 1960, एकाच टीममध्ये. 1941 च्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी (दर बॅटिंगमागे किती हिट्स) .39955 होती, म्हणजे तीन आकड्यांपर्यंत घेतली तर .400, न खेळता नुसता बसला असता तरी मिळाली असती. तो दोन्ही मॅच खेळला, आठपैकी सहा हिट्स मारले आणि .406 वर सीझन संपवला. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणाला .400 जमलेलं नाही. मध्ये तीन सीझन दुसऱ्या महायुद्धात गेले, नंतर कोरियाच्या युद्धात फायटर विमान उडवलं, आणि परत येऊन खेळला. 1960 ला आयुष्यातल्या शेवटच्या बॅटिंगला त्याने होम रन मारला आणि लोक ओरडत असताना टोपी न उचलता आत निघून गेला. आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर किती दिवस चर्चा चालली असती विचार करा, इथे तर साठ वर्षं होऊन गेली तरी चालू आहे.

कार्ल यास्ट्रझेम्स्की, सगळे याझ म्हणतात, नंबर 8, तेवीस सीझन. पेड्रो मार्टिनेझ, 1999 आणि 2000 चा पिचर, त्याचे त्या दोन वर्षांचे व्हिडिओ एखाद्या रविवारी बसून बघा. आणि ऑर्टिझ, म्हणजे बिग पापी, डॉमिनिकन रिपब्लिकचा, ज्याला आधीच्या टीमने सोडून दिला होता.

ऑर्टिझचं अजून एक. 15 एप्रिल 2013 ला मॅरेथॉनमध्ये बाँब फुटले. मी तेव्हा इथेच होते, चार दिवसांनी आख्ख्या शहराला घरात बसायला सांगितलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. 20 तारखेला फेनवेला मॅच झाली, ऑर्टिझने माइक हातात घेतला आणि एक शिवी घालून सांगितलं की हे शहर आमचं आहे. टीव्हीवर लाइव्ह. फारशी कोणी तक्रार केली नाही. त्याच वर्षी जिंकले, आणि फेनवेवर वर्ल्ड सिरीज जिंकायची ती 1918 नंतरची पहिलीच वेळ होती.

एक कटू गोष्ट पण माहीत असू द्या. मेजर लीगमध्ये काळा प्लेअर सगळ्यात शेवटी घेणारी टीम ही. 1945 ला जॅकी रॉबिन्सन फेनवेला ट्रायआऊट देऊन गेला, याच शहरात, आणि याच टीमने त्याला घेतला नाही. तो 1947 ला ब्रुकलिनकडून खेळला, विसाव्या शतकातल्या मेजर लीगमधला पहिला काळा प्लेअर म्हणून, आणि इतिहास झाला. बॉस्टनने पंप्सी ग्रीनला आणलं ते 1959 ला, बारा वर्षांनी. टीमचा तेव्हाचा मालक टॉम यॉकी, ग्राउंडसमोरच्या रस्त्याला त्याचं नाव होतं, ते 2018 ला काढून परत जुनं जर्सी स्ट्रीट केलं. टीमवर प्रेम करायचं तर हे पण धरूनच करायचं, लपवायचं कशाला.

पायरी 5: फेनवेला जायचं कसं, बसायचं कुठे

फेनवे पार्क 20 एप्रिल 1912 ला उघडलं, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाच दिवसांनी. मेजर लीगमधलं सगळ्यात जुनं ग्राउंड.

गाडी नेऊ नका. पार्किंगला तिकिटाइतके पैसे जातात कधी कधी. ग्रीन लाइनने केनमोरला उतरायचं, बी, सी किंवा डी कुठलीही चालते, ई मध्ये मात्र बसू नका ती तिकडे जात नाही. फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, वूस्टरकडच्यांनी कम्युटर रेलने थेट लॅन्सडाउन स्टेशनला उतरा, ग्राउंड समोरच. परतीची शेवटची ट्रेन किती वाजता ते आधी बघून ठेवा.

तिकिटं फोनवरच्या ॲपमध्ये येतात. एप्रिल-मे मधल्या मंगळवार-बुधवारची स्वस्त, यांकीज आले की दुप्पट-तिप्पट. पण एप्रिलची घेतलीत तर स्वेटर, जाकीट, कानटोपी सगळं न्या, रात्री फार गार होतं. मोठी बॅग, सॅक नेऊ नका, गेटवर अडवतात.

सीट निवडताना तीन गोष्टी. ग्रँडस्टँडमध्ये छताला आधार देणारे लोखंडी खांब आहेत, खांबामागची सीट मिळाली तर पिचर तरी दिसत नाही नाहीतर बॅटर तरी, तिकिटावर 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलेलं असेल तर घेऊ नका. दुसरं, उजवीकडच्या कोपऱ्यातल्या सीट बॅटरकडे तोंड करून नाहीत, तीन तास मान डावीकडे वळवून बसावं लागतं. तिसरं, ब्लीचर्सवर (म्हणजे आउटफिल्डमागच्या बिनछताच्या सीटवर) ऊन डोक्यावर असतं, दुपारची मॅच असेल तर टोपी आणि पाणी. ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या 1934 च्या, अरुंद, आपल्या जुन्या थिएटरची आठवण येते.

पहिल्या वेळी दीड तास आधी पोचा, गेट उघडतं तेव्हा. आधी गेट बी ला जा, तिथे टेड विल्यम्सचा पुतळा आहे, एका लहान मुलाच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवताना. हा मुलगा जिमी फंडचा, म्हणजे कॅन्सर झालेल्या मुलांसाठी डाना-फार्बर हॉस्पिटलला मदत करणाऱ्या फंडाचा. 1953 पासून ही टीम त्या कामाशी जोडलेली आहे आणि विल्यम्स स्वतः गाजावाजा न करता त्या मुलांना भेटायला जायचा. टोपी न उचलणारा माणूस आणि त्याच्या पुतळ्याच्या हातात टोपी, मी दर वेळी तिथे दोन मिनिटं थांबते.

आत गेल्यावर डावीकडे बघा, ती हिरवी भिंत म्हणजे ग्रीन मॉन्स्टर. 37 फूट उंच. बाहेर लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट, मागे जागाच नव्हती म्हणून डावी बाउंड्री जवळ आणि भिंत उंच. हिरवा रंग 1947 ला दिला, वर सीट बसवल्या 2003 ला. भिंतीच्या खालच्या भागात स्कोअरबोर्ड, आजही हाताने चालवतात. आतल्या अरुंद खोलीत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या लावतात. माझे बाबा 2018 च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आले होते, त्यांनी सगळ्यात आधी तेच बघितलं, म्हणाले अगं हा तर आपल्या तालुक्याच्या टूर्नामेंटसारखा बोर्ड आहे, आत पोरं बसलीत! त्या बोर्डावर दोन उभ्या पट्ट्यांमध्ये मोर्स कोडची टिंबं-रेघा आहेत, मालक यॉकी आणि त्याच्या बायकोची आद्याक्षरं, दुर्बीण असेल तर दिसतात.

मग उजवीकडे ब्लीचर्समध्ये बघा, हिरव्या सीटांच्या समुद्रात एक लाल सीट. सेक्शन 42, रो 37, सीट 21. 9 जून 1946 ला विल्यम्सने मारलेला होम रन तिथे पडला, 502 फूट, तिथे बसलेल्या माणसाच्या गवती हॅटमधून आरपार. मॅचच्या आधी वर चढून त्या सीटजवळ उभं राहून खाली प्लेटकडे बघा. अंतर वाचून कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो.

उजव्या कोपऱ्यातला पिवळा पोल म्हणजे पेस्कीज पोल, प्लेटपासून फक्त 302 फूट, जॉनी पेस्की नावाच्या जुन्या प्लेअरच्या नावाचा. डावीकडचा फिस्कच्या नावाचा, का ते आता तुम्हाला माहीत आहे.

पायरी 6: मॅच चालू असताना

पिचर-बॅटरचं चालू असताना सीटवरून उठून लोकांच्या पुढून जाऊ नका, आऊट होऊ दे, मग उठा. राष्ट्रगीताला टोपी काढायची. निळ्या गडद रंगाची एनवाय लिहिलेली टोपी घालून जाऊ नका, आपल्याकडे बऱ्याच जणांकडे ती सहज फॅशन म्हणून असते, तिकडे तो यांकीजचा झेंडा आहे. फाउल बॉल तुमच्याकडे आला तर तो तुमचा, परत द्यायचा नसतो, पण शेजारी लहान मूल असेल तर लोक त्याच्या हातात देतात आणि आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवतात. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या जवळ बसलात तर मोबाइल खिशात ठेवा, बॉल फार जोरात येतो.

खायचं म्हणजे फेनवे फ्रँक, हॉट डॉग. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी आधी विचारा. शाकाहारी मंडळींना शेंगा (सालासकट, टरफलं खालीच टाकतात), प्रेट्झल, चीज पिझ्झा, फ्राइज आहेत. बाहेर जर्सी स्ट्रीटवर आणि लॅन्सडाउनवर गाड्यांवर कांदा-मिरची परतायचा वास येतो तो सॉसेजचा, वासानेच भूक लागते.

सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उठून हातपाय मोकळे करतात, बॉलगेमचं जुनं गाणं म्हणतात, हे सगळ्या अमेरिकेत असतं. खास इथलं म्हणजे आठव्या इनिंगच्या मध्ये 'स्वीट कॅरोलाइन'. नील डायमंडचं गाणं, त्याचा बेसबॉलशी काही संबंध नाही की बॉस्टनशी नाही, 1997 च्या आसपास कधीतरी वाजवायला लागले, 2002 पासून प्रत्येक मॅचला वाजतं. मधल्या बाजाच्या जागी आख्खं ग्राउंड तीनदा हात वर करतं आणि मग 'सो गुड, सो गुड, सो गुड'. गाणं स्पीकरवर बंद होतं तरी लोक म्हणत राहतात, टीम हरत असली तरी म्हणतात. 2013 च्या त्या 20 एप्रिलला डायमंड स्वतः येऊन गायला होता.

जिंकले की 'डर्टी वॉटर' लागतं, चार्ल्स नदीच्या घाणेरड्या पाण्यावरचं गाणं. ते ऐकूनच बाहेर पडा.

पायरी 7: वर्षभर काय काय

फेब्रुवारीत बर्फ पडलेला असताना ट्रक डे असतो. फेनवेच्या दारातून एक मोठा ट्रक बॉल, बॅटी, सगळं सामान भरून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सरावाला निघतो, आणि थंडीत कुडकुडत लोक त्या ट्रकला टाटा करायला येतात. नुसत्या ट्रकला! पण इथला एक हिवाळा काढलात की तुम्हाला पण जावंसं वाटेल, कारण ट्रक निघाला म्हणजे उन्हाळा येणार.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पॅट्रियट्स डे, मॅसॅच्युसेट्सची सुट्टी. त्या दिवशी मॅच सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते आणि त्याच वेळी केनमोरमधून मॅरेथॉन जाते. मॅच संपवून बाहेर येऊन धावणाऱ्यांना ओरडून चीअर करायचं. वर्षातून एकच मॅच बघणार असाल तर ही बघा, पण तिकीट लवकर काढा.

आणि खर्च परवडत नसेल किंवा मुलं फार लहान असतील तर वूस्टरला पोलर पार्कला जा, तिथे 2021 पासून वूस्टर रेड सॉक्स खेळतात, म्हणजे उद्याचे प्लेअर, श्रूजबरी-वेस्टबरोच्या आपल्या लोकांना तर अगदी जवळ. हीच टीम आधी पॉटकेटला होती तेव्हा 1981 ला त्यांची एक मॅच 33 इनिंग चालली होती, पहाटे चारला थांबवून उरलेली दोन महिन्यांनी खेळली.

पायरी 8: स्कोअर लिहा

ही माझी आवडती पायरी. आत शिरताना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि डावीकडून उजवीकडे बाहेरचे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला टाकून आऊट केला तर लिहायचं 6-3. तीन स्ट्राइकवर आऊट म्हणजे 'के', आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून आऊट झाला तर उलटा 'के'. प्रत्येक बॅटरसाठी छोटा चौकोन, त्यात बेस जसजसे घेतले तशी रेघ फिरवत न्यायची, घरी आला की आतला शंकरपाळा पूर्ण होतो, तो काळा करायचा.

बाबांनी आयुष्यभर क्लबच्या मॅचचा स्कोअर लिहिला, त्यांना हे दहा मिनिटांत जमलं. इंग्लिश बोलायला बिचकायचे ते, पण शेजारी बसलेल्या आजोबांच्या कार्डात डोकावून त्यांनी एक 5-3 चा 6-3 करून दिला आणि मग दोघं पूर्ण मॅचभर एकमेकांना बोटांनी आकडे दाखवत बसले होते. ते कार्ड माझ्याकडे आहे. नऊच्या नऊ इनिंग पेन्सिलने स्वच्छ भरल्यात, फक्त आठव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या पहिल्या बॅटरचा चौकोन कोरा आहे. गाणं संपलं तरी लोक म्हणतच होते, आणि त्या दोघांचे हात वर होते.